गंधापुरती जागा

मनीषा,

काल तुझे तेरावे झाले. आज सकाळी तेरा दिवसांनंतर मी सहाणेवर चंदनाचे खोड धरले. अशौचात कपाळाला गंध लावायचे नसते, त्यामुळे इतके दिवस सहाण कोनाड्यात कोरडी पडून होती. पाण्याचे चार थेंब टाकले आणि हात जागच्या जागी राहिला. तुझ्यामाझ्यात एक गोष्ट बोलायची राहून गेली आहे, आणि ती गंधाचीच आहे.

चार वर्षे मी ती गिळून बसलो. एका कामात चूक झाली आणि ती आपल्या हातून झाली असे तू म्हणालीस. चूक तुझी नव्हती, माझी होती, हे मला त्या क्षणी ठाऊक होते. मी बोललो नाही. प्रायश्चित्ताचे पहिले अंग म्हणजे उच्चार, असे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो. केलेले आधी स्वमुखाने सांगायचे, उपवास आणि दान त्यानंतर. मी उपवास पुष्कळ केले. पहिले अंग तेवढे राहिले. ते आज करतो आहे. ऐकणारी समोर नाही, हा त्यातला दंड समजतो.

तू आपल्या धाराशिवकडच्या वाशीच्या मास्तरांची लेक. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली सून आली म्हणून तुझ्या सासूबाईंनी तुझ्या येण्याच्या तिसऱ्याच दिवशी बंद पडलेला मिक्सर तुझ्यापुढे आणून ठेवला होता. तू तो उघडलास, आत डोकावलीस आणि अत्यंत गंभीरपणे म्हणालीस, "आत्या, बिघाड काय न्हाई. झुरळ वारलंय." त्या दिवसापासून या घरात काहीही बंद पडले की "बघा, कोण वारलंय" असे विचारायची रीत पडली. गेल्या तेरा दिवसांत ते वाक्य कुणी उच्चारले नाही. परवा माजघरातला दिवा लागेना, तेव्हा तुझ्या सासूबाईंच्या ओठांवर ते आले आणि तिथेच विरले.

माझ्या श्रीधरची नोकरी धाराशिवला लागली म्हणून तू पुण्यातले काम सोडून आपल्या घरी येडशीला आलीस. गच्चीवरची पत्र्याची खोली मागून घेतलीस. तिथे तू नेमके काय करतेस, हे मला पहिली दोन वर्षे कळले नाही, आणि विचारण्याचा संकोच वाटला. सासऱ्याने सुनेच्या खोलीच्या दारात उभे राहू नये, अशा वळणात मी वाढलो. शेवटी तूच एक दिवस खाली आलीस आणि तळहाताएवढा एक संगणक माझ्या आसनापाशी ठेवलास. पुढे लहानसा पडदा, पाठीशी एक अरुंद खाच.

मी म्हणालो, "हा तर करसंगणक."

"आम्ही ह्याला हँडहेल्ड म्हणतो मामा. पण तुमचं ऐकायला बरं वाटतंय."

मग तू समजावून सांगितलेस. त्या पाठीवरच्या खाचेला पोर्ट म्हणतात. तिथून बाहेरची उपकरणे संगणकाला जोडता येतात. पण त्या खाचेतली वीज अगदी नाजूक, दोन व्होल्टांच्याही आतली. आणि शेतात मातीचा ओलावा मोजायला जी सळई रोवतात, ती पाच व्होल्टांवर बोलणारी. दोघांना सरळ जोडले तर संगणक जळतो. म्हणून मध्ये एक लहानसा बोर्ड लागतो. तो बोर्ड आखणे, हे तुझे काम.

"म्हणजे दुभाष्या," मी म्हणालो.

"न्हाई मामा. दुभाष्या शब्द बदलतो. इथं शब्द तोच राहतो, नुसता जोर बदलतो. मोठ्यानं आलेलं हळू करायचं, हळू आलेलं मोठं करायचं. अर्थाला धक्का लागता कामा नये."

हे ऐकून मी आसनावरून किंचित पुढे सरकलो होतो, आठवते? कारण हे मला माझ्या बाजूने ठाऊक होते. जप तीन प्रकारचा. मोठ्याने केलेला तो वाचिक. मनातल्या मनात केलेला तो मानस. आणि दोहोंच्या मधला उपांशु: ओठ हलतात, पण शेजारच्याला ऐकू जात नाही. मंत्र तिन्हींत तोच, अक्षरही इकडचे तिकडे होत नाही. मी सांगत होतो आणि तू खिशातले पेन काढून तळहातावर लिहून घेतलेस. "मधला कोणता म्हणालात? परत सांगा."

दोन महिन्यांनी छापून आलेले बोर्ड तू दाखवायला आणलेस. हिरवे, अंगठ्याच्या दोन पेरांएवढे. कडेला पांढऱ्या, मुंगीएवढ्या अक्षरांत 'उपांशु' असे छापलेले होते. माझ्या विद्येतला एक शब्द मातीचा ओलावा मोजायला निघाला होता. मला काय वाटले ते मी तुला सांगितले नाही. फक्त "अक्षर सुबक आहे" असे म्हणालो. तुझ्या सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "यंत्राचं बारसं झालं म्हणायचं. घुगऱ्या कोण वाटणार मग?" आणि संध्याकाळी तू खरोखरच घुगऱ्या शिजवल्यास. ढोकीहून बसने तुझ्याकडे जोडणीच्या कामाला येणारी नसीमा घरी जाताना डब्यात घेऊन गेली.

त्या खोलीतून तुम्हा दोघींचे हसणे खाली येत असे. रामलिंगच्या देवळाकडच्या वानरांनी एकदा डाग द्यायच्या सोल्डर तारेचे रीळ पळवले, तेव्हा नसीमा गच्चीच्या कठड्याशी उभी राहून ओरडत होती, "ए मारुतीराया, ठेव त्ये! खायाचं न्हाई, पोटात दुखंल!" आणि तू जमिनीवर बसून हसत होतीस. मी खाली पोथी उघडून बसलो होतो. पान उलटायचे राहून गेले.

आपला एक वाद अपुरा राहिला आहे. तुझ्या बोर्डावर तांब्याच्या काही ओळी अशा असत की त्यांवरून दोन्ही बाजूंना बोलता येई. मी विचारले, कोणाची पाळी हे कोण ठरवतो?

"कुणीच न्हाई. कुणी बोलत नसलं की ओळीतली वीज आपली वर असते. ज्याला बोलायचं, त्यानं ती खाली ओढायची. मग पलीकडच्याला कळतं."

"आणि लहान जोराच्या बाजूने ओढली तर? मोठ्या बाजूला कळते?"

"कळतं की. त्यासाठीच तर एवढा खटाटोप."

मी म्हणालो, आमच्या पाठशाळेत दिशा ठरलेली असे. गुरूने सांगायचे, शिष्याने ऐकायचे. त्यामुळे गोंधळ होत नसे.

तू क्षणभरही थांबली नाहीस. "म्हणून तर पाठशाळेत चूक झाली की ती कायम शिष्याचीच निघायची."

मला राग आला होता. लपवत नाही. "याचे उत्तर उद्या देतो" असे म्हणून मी उठलो. तो उद्या मी येऊ दिला नाही. कारण पुढच्याच महिन्यात खंडेनवमी आली, आणि तिने तुझी बाजू खरी करून दाखवली.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा. खाली विळी, कोयता, खुरपे, श्रीधरची मोटारसायकल, माझी लेखणी असे सारे उरकून मी वर आलो. तू पाटावर धुतलेले वस्त्र घालून तुझी आयुधे मांडली होतीस: डाग द्यायची सोल्डरगन, मल्टिमीटर, चिमटे, तो करसंगणक आणि त्यांच्यापुढे ओळीने चाळीस बोर्ड. पुण्याकडच्या एका संस्थेने शेतांतला ओलावा टिपण्यासाठी ते मागवले होते. एवढे मोठे काम तुझ्याकडे पहिल्यांदाच आले होते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचा मुहूर्त साधून तू ते रवाना करणार होतीस.

तू म्हणालीस, "मामा, फूल ठेवा, अक्षता टाका. पण बोर्डांना ओलं काय लावू नका हं."

मी "बरे" म्हणालो.

तू नैवेद्याचे ताट आणायला खाली गेलीस. मी सोल्डरगनला गंध लावले, चिमट्याला लावले, आणि बोर्डांपाशी आलो. मनीषा, त्या वेळी मनात काय आले ते जसेच्या तसे सांगतो. मला वाटले, ही माझ्या घरची लेकरे परगावी निघाली आहेत आणि त्यांचे कपाळ मोकळे आहे. वाटीत कुंकू कालवलेले लाल गंध होते. गंध अनामिकेने लावतात. जागा कोणती? भ्रूमध्य. तुझ्या बोर्डाच्या बरोबर मध्यावर जवसाच्या दाण्याएवढी एक काळी चिप होती. मला तेच त्याचे कपाळ वाटले. एकेक बोर्ड उचलून मी त्यावर बोट टेकवीत गेलो. अकरा शुभ म्हणून अकरा लावले. तेवढ्यात जिन्यावर तुझ्या पैंजणांचा आवाज आला.

आणि मी उपरण्याच्या टोकाने ते अकराही पुसून टाकले.

लावणे ही चूक होती. पुसणे हे पाप होते. लावताना मला तुझ्या बोलण्याचे भान नव्हते. पुसताना मात्र मला पक्के ठाऊक होते की तू नको म्हटलेले मी केले आहे. घाईघाईने पुसल्याने ओले कुंकू त्या चिपच्या बारीक पायांमध्ये शिरले असणार. वरून काही दिसत नव्हते.

"झाली का पूजा?" तू विचारलेस.

"झाली."

दीड महिन्याने एक खोके परत आले. रात्रीच्या जेवणाला तू श्रीधरला सांगत होतीस, "काय झालंय कळत न्हाई. म्हणतात, सकाळी आकडे चुकतात, दुपारी बरोबर येतात. सगळे न्हाई. अकराच."

तो आकडा ऐकून माझा घास हातात राहिला. तुझ्या सासूबाईंनी विचारले, "मीठ जास्त झालं का?" मी म्हणालो, "नाही, ठीक आहे."

तुझ्या खोलीत ते बोर्ड शहाण्यासारखे चालत. कोरड्या हवेत त्यांना काही होत नसे. दव पडले, हवेत ओल आली की ते बहकत. मी सोमवारी पहाटे रामलिंगला जातो, हे धरून तू म्हणालीस, "मामा, मी बी येते. खाली दरीत दव लई असतं." मार्गशीर्षातली ती सकाळ. मी ओढ्यावर स्नान करून आलो तेव्हा तू खडकावर बसून ओल्या मातीत सळई रोवली होतीस, मध्ये बोर्ड, हातात करसंगणक. पडद्यावरचे आकडे वेडेवाकडे उड्या मारत होते आणि तू वहीत एकेक उतरवून घेत होतीस. झाडावरून एक वानर तुझ्याकडे टक लावून पाहत होते. तू त्याला म्हणालीस, "तुला कळतंय का रे? कळत असंल तर सांग बाबा."

मी चार हातांवर उभा होतो. अंगावर ओले धोतर, तोंडात शंकराचे नाव. दव पडले की चुकते, हे तुला दिसत होते. का चुकते, ते मला माहीत होते: चिपच्या पायांत माझे कुंकू होते आणि ते दवाने पुन्हा ओले होत होते. त्या दोहोंमध्ये चार हातांचे अंतर होते आणि ते मला ओलांडता आले नाही.

परतताना तू म्हणालीस, "माझाच हात चुकला असंल मामा. नसीमाचा न्हाई. ते बोर्ड मीच जोडले होते." थोडे चालून पुन्हा म्हणालीस, "मला वाटतं, हे काम माझ्या आवाक्यातलं न्हाई. धाराशिवला शिकवणी घेईन. पोरांना शिकवायला हात स्थिर लागत न्हाई."

मी तुला म्हणालो, "ईश्वर मार्ग दाखवील." हे वाक्य मी माझ्या जन्मात शेकडो वेळा उच्चारले असेल. इतके खोटे ते कधीच नव्हते. मार्ग मला ठाऊक होता आणि मी तो ईश्वरावर ढकलत होतो.

का बोललो नाही? याचे उत्तर शोधायला मला फार खोल जावे लागत नाही. वय, मान, पाठशाळा, कपाळावरचे गंध, हे सारे घेऊन मी तुझ्यासमोर "माझे चुकले" म्हणायला उभा राहू शकलो नाही. मुलासमोर कदाचित म्हणालो असतो. सुनेसमोर शब्द फुटेना. इतके साधे आणि इतके लाजिरवाणे ते कारण आहे.

काही दिवस तुझ्या खोलीतून आवाज आला नाही. मग एका दुपारी वरून तुम्हा दोघींचे हसणे ऐकू आले, आणि त्यानंतर तू नव्या जोमाने कामाला लागलीस. मला वाटले, देवाने खरेच मार्ग दाखवला. नवे अकरा बोर्ड तयार झाले. खोक्यात घालायची चिठ्ठी तू मला आणून दिलीस. "मामा, भाषा बघा जरा." तीत लिहिले होते: दोष आमच्या मांडणीचा होता. मांडणी बदलली आहे. त्रासाबद्दल क्षमस्व.

मी चष्मा लावला. एका शब्दाची वेलांटी सुधारली. कागद तुला परत दिला.

ते खोके टपाल कचेरीत मीच पोहोचवले. मी मागायची क्षमा तू मागितली होतीस आणि तिची शुद्धलेखनाची चूक काढून मी ती माझ्याच हाताने रवाना केली. वाटेत दोन ठिकाणी टेकलो. लोकांना वाटले, गुरुजी थकले.

त्यानंतरच्या खंडेनवमीला तू पाटावर नवा बोर्ड ठेवलास, अगदी माझ्या उजव्या हाताशी. "मामा, गंध लावा की. आता चालतंय."

"नको. अक्षता पुरेत."

दुसऱ्या वर्षी तू पुन्हा म्हणालीस. मी पुन्हा अक्षताच वाहिल्या. त्या ओल्या वाटीकडे बघितले की माझे बोट पोळत असे. तिसऱ्या वर्षी तू काही बोलली नाहीस. बोर्ड एका बोटाने माझ्याकडे किंचित सरकवलास आणि वाट पाहिलीस. मी मंत्र म्हणत राहिलो.

मधल्या काळात माझी नजर मंदावली. तेव्हा तू तुझ्या कामाचा भिंगाचा दिवा, ज्याला लवचिक मान होती तो, माझ्या पोथीच्या चौरंगाला बसवून दिलास. "आणि तुझे काम?" मी विचारले. "मी दुसरा घेईन. तुमची पोथी थांबायला नको." त्या दिव्याखाली मी रोज वाचतो. तेव्हापासून तुझ्यामुळे माझे एकही पारायण चुकले नाही. हे उपकार मी कधी उच्चारले का? नाही. तेही राहिलेच.

तुझे दुखणे बळावल्यावर सोलापूरच्या दवाखान्यात शेवटच्या भेटीत तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "मामा, औंदा खंडेनवमीला..."

मी म्हणालो, "बोलू नकोस. दम लागेल."

तू हसलीस आणि डोळे मिटलेस. तुझ्या श्वासाची काळजी होतीच. पण त्याहून मोठे होते ते माझे भय. तू काय बोलणार आहेस, ते ऐकायला मी तयार नव्हतो. तू ओळ खाली ओढली होतीस, मनीषा. मी पलीकडून ती वर धरून ठेवली.

काल गोडाचे जेवण आटोपल्यावर नसीमा आली. सोबत अर्धवट राहिलेल्या बोर्डांचे खोके. "गुरुजी, ह्या राहिलेल्या कामाचं काय करायचं? लोकांना काय कळवू?" श्रीधरने माझ्याकडे पाहिले. तुझ्या सासूबाई पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. आणि मला समजले की आता हे काम बंद पडले तर ते 'आपला हात चुकतो' या समजुतीसह बंद पडेल. निदान एका माणसाला तरी खरे ठाऊक असले पाहिजे.

मी म्हणालो, "नसीमा, ते अकरा बोर्ड मनीषाच्या हाताने बिघडले नव्हते. ते मी बिघडवले. पूजेच्या वेळी त्यांना मी ओले गंध लावले होते."

तिने हातातले खोके सावरले. मग हळूच म्हणाली, "म्हाईत हाय गुरुजी."

"काय माहीत आहे?"

"मला म्हाईत हाय. तिला बी म्हाईत होतं." नसीमाने खोके खाली ठेवले. "भिंगाखाली चिपच्या पायात लाल दिसलं. मी म्हनलं, अगं बाई, गंज चढला का काय? तर ती कितीक वेळ बगत राह्यली आन् हसाया लागली. म्हनली, गंज न्हाई गं. मामा आहेत ते."

त्या दुपारी वरून आलेले हसणे ते हेच.

"मग मला का बोलली नाही?"

"मी बी म्हनलं, जा, खाली जाऊन सांग. तर म्हनली, सांगितलं की मामा गंधाची वाटीच उचलणार न्हाईत परत. लई मनाला लावून घेतात."

"आणि ती चिठ्ठी? दोष आमचा म्हणून तिने जे लिहिले..."

"त्ये ती खरंच मानायची गुरुजी. मी भांडले तिच्याशी. म्हनली, आपल्या घरात वर्साला पूजा होणार, मला ठावं होतं. मामा गंध लावणार, ह्ये बी ठावं पायजे होतं. मानूस जसं वागतं तसं धरूनच आखायचं असतं. म्या धरलं न्हाई. मग चूक कुणाची?"

तिने खोक्यातला एक बोर्ड काढून माझ्या तळहातावर ठेवला. "ह्ये बगा."

भिंगाचा दिवा, तू दिलेला, मी त्यावर ओढला. कोपऱ्यात एक बारीक पांढरे वर्तुळ छापलेले होते. तीन वर्षे मी ते पाटावर पाहत आलो होतो आणि मला ती खिळ्याची जागा वाटली होती. पण त्याला भोक नव्हते. आत काहीच नव्हते. अनामिकेचे टोक बरोबर बसेल एवढे ते होते.

"ह्याच्याखाली तांब्याची एक रेघ न्हाई," नसीमा म्हणाली. "वर न्हाई, पोटात न्हाई. किती बी ओलं लावा, काय व्हायचं न्हाई. एवढुशा बोर्डात येवढी जागा सोडायची म्हंजी काय, तुमाला सांगू? सगळं परत आखलं तिनं. एका मिलिमीटरपायी आमी दिवस दिवस भांडायचो आन् हिनं कोपरा रिकामा सोडला. लोक विचारायचे, ह्यो गोल कशाला? ती लिहायची, आमच्या घरातल्या मोठ्या माणसांची जागा हाय."

मग श्रीधरने तुझा संगणक उघडला आणि नसीमाने मला मूळ आराखडा दाखवला. त्यात प्रत्येक भागाला तू नाव दिलेले आहे. त्या रिकाम्या वर्तुळावर बोट ठेवताच त्याचे नाव उमटले: मामा.

तर तू मला गंध लावायला सांगत होतीस ते अजाणतेपणी नव्हे. सारे जाणून, क्षमा करून, वर जागा आखून तू माझ्या हाताची वाट पाहत होतीस. मी लाजेपोटी गप्प राहिलो आणि माझे गंध लावणे थांबू नये म्हणून तू गप्प राहिलीस. आणि मी तरीही थांबलोच. तुझ्या आखणीत तेवढे एकच धरायचे राहिले.

आपल्या वादाचे उत्तर मी देणे लागत होतो, ते आता देतो: तुझे बरोबर होते. दिशा ठरलेली असू नये. ज्याला बोलायचे आहे त्याने नमावे, मग तो मोठ्या बाजूचा असो की लहान. माझे चुकले, मनीषा. हे मी ओठ हलवून, पण शेजारी ऐकू जाणार नाही अशा आवाजात पहाटेपासून म्हणतो आहे. तू बोर्डाला ठेवलेले नाव आज माझ्या कामी आले.

आज सकाळी शेवटी चंदन उगाळून झाले. त्यात कुंकू कालवले. नसीमा पहिल्या बसने आली होती. तिने उरलेले काम पुढे न्यायचे आहे, आणि श्रीधरने तिला तुझ्या खोलीची किल्ली दिली आहे. मी म्हणालो, वर चालू. जिना चढायला मला वेळ लागला. तुझ्या सासूबाई मागून आल्या. "हळू. पडलात तर तुम्हाला उघडून बघायला आता कोण न्हाई," त्या म्हणाल्या, आणि दोघेही जिन्यावर क्षणभर उभे राहिलो.

नसीमाने गच्चीवरच्या तुळशीच्या कुंडीत सळई रोवली, मध्ये बोर्ड जोडला, करसंगणक सुरू केला. मी तुझ्या रिकाम्या खुर्चीला नमस्कार केला. अनामिका वाटीत बुडवली आणि त्या पांढऱ्या वर्तुळात टेकवली. ती बरोबर बसली.

आम्ही तिघे वाट पाहत राहिलो. पडद्यावर आकडा आला. थोड्या वेळाने पुन्हा तोच आला. नसीमाने तो तुझ्याच वहीत, तुझ्या शेवटच्या ओळीखाली उतरवून घेतला.

गंध अजून ओले होते. खांद्यावर उपरणे होते. मी ते पुसले नाही.